झोपेत येणारी सायकल

माझ्या मुलीचं लग्न झालं आणि पन्नाशी उलटल्यावर मला इंग्रजी बोलायला शिकावं लागलं. जावई तमिळ आहेत. ते मोडकंतोडकं हिंदी बोलतात, त्यांच्याशी माझं जमून जातं. पण विहीणबाईंना हिंदी येत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, आणि मला तमिळचा एक शब्द कळत नाही. व्हिडिओ कॉल लागला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. त्या इंग्रजीत काहीतरी विचारायच्या, मी "यस, यस" म्हणायचे आणि आम्ही पुन्हा हसायचो. एकदा मुलगी म्हणाली, "आई, त्या म्हणत होत्या, तुझी आई किती शांत आहे गं!" ते ऐकून आमच्या ह्यांना जेवताना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी क्लासला नाव घातलं.

क्लास जळगावातच, घरापासून पायी जाण्याएवढा. खाली मोबाइलचं दुकान, वर एक लांबट खोली. पश्चिमेला दोन खिडक्या. संध्याकाळचं ऊन तिथून आत यायचं आणि बाकांवरून सरकत सरकत तास संपेपर्यंत फळ्याला लागायचं. सर माझ्या मुलीच्याच वयाचे असतील. बाकी सगळी कॉलेजची मुलं, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारी. मोठ्या वयाच्या आम्ही दोघीच. दुसरी बाई खिडकीजवळ बसायची. डोक्यावरून ओढणी, डोळ्यांना चष्मा, आणि कुर्त्याच्या गळ्याशी दोरा ओवलेली एक सुई टोचलेली. घरी शिवणकाम करायच्या, नवरीचे कपडे. सुई काढून ठेवायचं त्यांच्या लक्षातच राहत नसे.

सरांनी आमची जोडी लावून दिली. "नो मराठी, नो हिंदी," ते म्हणाले. "चुकलं तरी चालेल, पण थांबायचं नाही."

मी त्यांना आपा म्हणू लागले, त्या मला ताई. पहिल्या दिवशी जिना उतरताना मी त्यांना विचारलं, तुम्ही कशासाठी शिकताय?

"नातीच्या शाळेत मीटिंगला मीच जाते," आपा म्हणाल्या. त्यांचं मराठी हिंदीच्या वळणाचं होतं, पण मोकळं. "मॅडम गिटपिट बोलतात, बाकीच्या आया गिटपिट बोलतात, मी बुतासारखी बसून असते. पोरीची तारीफ चालली का शिकायत, तेपण समजत नाही."

रोज एक विषय फळ्यावर असायचा. माझं घर, माझं स्वयंपाकघर, माझा बाजार. आम्ही दोघी समोरासमोर बसून एकेक शब्द शोधायचो. मराठीत आपण भराभर बोलतो आणि बोललेलं लगेच विसरूनही जातो. इंग्रजीत तसं व्हायचं नाही. शब्द सापडेपर्यंत थांबावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात ती वस्तूच डोळ्यांसमोर येऊन उभी राहायची. उखळ म्हणायचं असलं की आधी आमच्या माहेरचं ओसरीतलं उखळ दिसायचं, त्याच्या काठाला पडलेली चीर दिसायची, मग त्यात साचलेला भुसा दिसायचा. शब्द काही सापडायचा नाही. पण उखळ भेटून जायचं.

एके दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, माझी लहानपणची सायकल.

मी सुरुवात केली. माझं गाव पिंपळनेरकडचं. साक्री मागे पडलं की डोंगर जवळ यायला लागतात, त्या बाजूचं. आमच्या नानांची, म्हणजे माझ्या काकांची, एक उंच काळी सायकल होती. नानांना बाहेरगावी नोकरी लागली आणि सायकल आमच्या खळ्यात भिंतीला टेकून राहिली. मी तिच्यावर शिकले. सीटवर बसलं तर पाय पुरायचे नाहीत. म्हणून दांड्याखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडच्या पायडलवर ठेवायचा, सगळं अंग एका बाजूला झुकवायचं आणि अर्धं अर्धं पायडल मारत जायचं. त्याला आम्ही कैची म्हणायचो.

हे सगळं मला इंग्रजीत सांगायचं होतं. कैचीला काय म्हणावं? मी म्हटलं, "आय राइड सीझर."

आपा दचकल्या. त्यांचा सगळा जन्म कात्रीबरोबर गेलेला. "व्हाय सीझर?" त्यांनी विचारलं. "यू कट सायकल?"

मग मी उठले आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत कैची करून दाखवली. एक हात हवेतल्या हँडलवर, दुसरा हवेतल्या सीटवर, अंग तिरकं, साडीचा पदर खोचलेला. मुलं बोलायची थांबून बघत राहिली. कोणीतरी टाळी वाजवली. मी खाली बसले तेव्हा धाप लागली होती आणि आत कुठेतरी खळ्यातल्या मातीचा वास सुटला होता.

मला तेव्हा इंग्रजीतला भूतकाळ येत नव्हता. जे बोलायचं ते सगळं वर्तमानात. आय अ‍ॅम टेन इयर्स. आय अ‍ॅम गोइंग ऑन सायकल. माय हेअर इज फ्लाइंग. सर मागून जाता जाता म्हणाले, "वॉज, मॅडम. वॉज." मी मान डोलावली आणि पुन्हा तेच बोलले. मी दहा वर्षांची आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बाजरी उभी आहे. मी हायस्कूलला पिंपळनेरला चालले आहे, आता माझे पाय सीटवरून पुरतात. पुढे उतार आहे आणि मी पाय मारत नाही.

मग आपांची पाळी आली.

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. त्यांचे वडील मणियार होते. चाळीसगावात घर, आणि आजूबाजूच्या खेड्यांमधून सायकलवर हिंडून ते बायकांना बांगड्या भरायचे. "माय फादर इज बँगल मॅन," आपांनी सांगितलं. कॅरिअरवर लाकडी पेटी बांधलेली. हँडलला दोन्हीकडे दोरीत ओवलेल्या बांगड्या लोंबत असत. आपांची आई सारखी आजारी, म्हणून लहानगीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचं, असा प्रश्न असे. वडील तिला बरोबर न्यायचे. पुढच्या दांड्यावर पंच्याची घडी बांधून त्यांनी तिच्यासाठी गादी केली होती. ती त्यांच्या दोन हातांच्या मधे बसायची.

"माय सायकल इज सिंगिंग," आपा म्हणाल्या.

मला आधी समजलं नाही. त्यांनी हाताने दाखवलं. रस्ता खडबडीत. चाक दगडावरून गेलं की सगळ्या बांगड्या एकदम किणकिणायच्या. मऊ मातीचा रस्ता आला की त्या गप्प व्हायच्या. डोळे मिटून बसलं तरी रस्ता कसा आहे ते तिला समजायचं. खेड्याच्या तोंडाशी आल्यावर वडिलांना हाकसुद्धा मारावी लागायची नाही. आवाज ऐकूनच बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

परतताना ती झोपून जायची. डोकं वडिलांच्या कोपराच्या आतल्या बाजूला. तो हात ते घर येईपर्यंत हलवायचे नाहीत. माशी बसली तरी नाही, घाम आला तरी नाही. हे सांगताना आपांना इंग्रजी शब्द सुचेनात, तेव्हा त्यांनी स्वतःचा डावा हात वाकवून बाकावर ठेवला आणि बोटाने तिथे दाखवलं. "हिअर," त्या म्हणाल्या. "आय स्लीप हिअर."

"देन यू लर्न सायकल?" मी विचारलं.

"नो. ब्रदर्स लर्न. आय अ‍ॅम बिग गर्ल. आय अ‍ॅम होम."

ऊन आमच्या बाकावरून पुढच्या बाकावर गेलं. मला वाटलं, त्यांचं बोलणं संपलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बट इन स्लीप आय नो सायकल."

झोपेत सायकल येते? मला वाटलं, त्यांना काहीतरी वेगळं म्हणायचं असेल. पण त्यांनी सरांकडे एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि नियम मोडून मराठीत सांगितलं.

"सपन्यात येते मला, ताई. शादीच्या आधीपासून येते. अब्बांचीच सायकल. मागे पेटी. पण मी सीटवर बसलेली. छोटी नाही, जेवढी असेन तेवढी. पहले काले बाल असायचे, आता सफेद असतात. पाय मारायला नाही लागत. आपोआप चालते. बांगड्या हलतात, आवाज करत नाहीत. एक गाव येतं, दुसरं गाव येतं. बायका दारात उभ्या. असे हात पुढे करून." त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. "आणि मला थांबता येत नाही."

"का?"

"ब्रेक कुठे असतो, ते सापडतच नाही. जाग येईपर्यंत चालतच राहते."

सर फळा पुसत होते. मुलं बाकांवरून उठून निघाली. आम्ही दोघी तशाच बसून होतो, जणू कोणी हाक मारल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलं होतं.

पुढच्या तासाला सरांनी जाहीर केलं की महिनाअखेरीस प्रत्येकाने उभं राहून सगळ्यांसमोर बोलायचं. विषय, सायकलिंगची लोकप्रियता. पॉप्युलॅरिटी हा शब्द आपांच्या तोंडात बसेना. जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर त्याचा एकेक तुकडा म्हणत होत्या. खाली पोचल्यावर म्हणाल्या, "मी त्या दिवशी येणार नाही."

"का हो?"

"जे मी कधी केलंच नाही, ते लोकांना का आवडतं, हे मी काय सांगणार? खोटं खोटं बोलायचं का?"

"मग चला, शिकवते तुम्हाला," मी म्हणाले.

असं काही मी ठरवलेलं नव्हतं. तोंडून निघून गेलं. मी स्वतः लग्नानंतर सायकलला हात लावला नव्हता. जळगावला आले तेव्हा ह्यांची मोटारसायकल होती, मी मागे बसायला लागले. पुढे मुलीची स्कूटी आली, तीही मी चालवू लागले. सायकल सुटली कधी ते कळलंच नाही. शेवटची कुठून कुठे चालवली, तेव्हा ऊन होतं की सावली, मला आठवत नाही. किती आठवायचा प्रयत्न केला तरी ती पिंपळनेरच्या रस्त्यावर उतारालाच असते, खाली पोचत नाही.

मुलीची कॉलेजातली सायकल आमच्या जिन्याखाली पडून होती. तिच्या पुढच्या बास्केटमध्ये मी कपड्यांचे चिमटे ठेवायचे. चिमटे काढले, धूळ पुसली. दोन्ही चाकं बसलेली. हे म्हणाले, "दोघींपैकी कोण कोणाला धरणार आहे?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल जागेवर नव्हती. दुपारी हे ती हातात धरून घेऊन आले, नव्या ट्यूब, साखळीला तेल. घंटी तेवढी एकदा वाजवून दाखवली.

आमच्या भागात एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल आहे. तिच्या मागे मोठं मोकळं मैदान, एका बाजूला किंचित उताराचं. कधीकाळी तिथे कापसाच्या गाड्या उभ्या राहत. आता काटेरी झुडपं आहेत आणि थंडीत सकाळी धुकं. त्या झुडपांत अजून कुठे कुठे जुन्या कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात. पहिल्या दिवशी आम्ही दोघी तिथे पोचलो तेव्हा सूर्य वर यायचा होता. पांढरं काय धुक्याचं आणि काय कापसाचं, सांगता येत नव्हतं.

आधी मी बसले. पंजाबी ड्रेस घालून गेले होते. पाय टाकला, ढकलली, आणि अंगाने सगळं आपणहून केलं. हँडल एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे, मग सरळ झालं. गार वारा कानांत शिरला. मैदानाला मी एक फेरी मारली, मग दुसरी. धुक्यातून आपा दिसायच्या, पुन्हा दिसेनाशा व्हायच्या. मला वाटलं, पुढच्या वळणावर खळ्याची भिंत येईल. तिथून आई म्हणेल, बस झालं आता, घरात ये. झुडूप आलं, आणि मी उतरले.

"आता तुम्ही."

आपांनी सायकलला लगेच हात लावला नाही. दोन पावलं लांब उभ्या राहून म्हणाल्या, "आधी ब्रेक दाखवा."

तो सगळा पहिला दिवस ब्रेकवर गेला. त्या बसल्याच नाहीत. सायकल हातात धरून चालायच्या, ब्रेक दाबायच्या, सायकल थांबायची. पुन्हा चालायच्या, पुन्हा थांबवायच्या. प्रत्येक वेळी सायकल थांबली की चेहऱ्यावर असं हसू यायचं की मला बाजूला बघावंसं वाटायचं. ते माझ्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून खरं अवघड सुरू झालं. झोपेत जे आपोआप होत होतं, त्यातलं एकही त्यांच्या अंगाला माहीत नव्हतं. सीट उंच, पाय टेकत नव्हते. मी सीट धरून मागून पळायचे आणि दहा पावलांत मला दम लागायचा. त्या एकदा पडल्या, पुन्हा पडल्या. गुडघा फुटला. सलवार फाटली ती त्यांनी तिथेच दगडावर बसून, गळ्याजवळची सुई काढून, दोन टाके घालून शिवली. मी म्हटलं, आज बस करू. त्या म्हणाल्या, "अजून एकदा." माझा धीर सुटला आणि मी ओरडले, "खाले दखू नका, म्होरे दखा! म्होरे!"

इतक्या वर्षांत जळगावला राहून माझी अहिराणी कुठे गेली, मला पत्ता नव्हता. सायकलच्या मागे पळताना ती सापडली. आपा तशाच वाकड्या होऊन थांबल्या आणि हसत सुटल्या. "ही कोणती इंग्लिश आहे, ताई?"

एका सकाळी मैदानाच्या तोंडाशी मोटारसायकल येऊन थांबली. आपांचा मुलगा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण आपांचा चेहरा उतरला त्यावरून ओळखलं. त्यांनी घरी काय सांगितलं होतं कोणास ठाऊक. बहुतेक मॉर्निंग वॉक सांगितलं असावं. तो चालत आला. उंच, दाढीवाला, गंभीर. आईच्या गुडघ्याकडे बघितलं. मग सायकलकडे बघितलं.

"अम्मी, सीट बहोत ऊंची है," तो म्हणाला.

परत गेला, मोटारसायकलच्या टूलकिटमधून पाना घेऊन आला, उकिडवा बसला आणि सीट पार खाली केली. आईला म्हणाला, बसा. आपा बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले. त्याने दोन्ही चाकांची हवा दाबून बघितली, मला सलाम केला आणि निघून गेला. मोटारसायकलचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत आपा तशाच बसून होत्या, दोन्ही पाय मातीत रोवून.

मग माझ्या डोक्यात आलं की आता धरायची गरजच नाही. सायकल उताराच्या वरच्या टोकाला नेली. "पायडल विसरा," मी सांगितलं. "नुसते पाय वर उचलायचे. भीती वाटली की टेकायचे. ब्रेक आहेच."

त्यांनी पाय उचलले. सायकल हळूहळू निघाली. पाय टेकले. पुन्हा उचलले. या वेळी थोडं जास्त लांब. मी वरच उभी होते. धुकं विरळ झालं होतं, सूर्य जिनिंगच्या पत्र्यावर आला होता आणि ओढणी मागे उडत एक बाई उतारावरून खाली चालली होती, पाय दोन्हीकडे पसरून, पाखरू उतरताना पंख पसरतं तसे. खाली पोचल्यावर ती थांबली. स्वतः थांबवली. मागे वळून बघितलं नाही. बराच वेळ तशीच पाठमोरी उभी होती. मीही गेले नाही.

पायडल मारायला शिकायला त्यांना त्यानंतर आठवडा पुरला. एकदा तोल समजल्यावर बाकीचं आपोआप आलं.

महिनाअखेरीस क्लासमध्ये सगळे एकेक करून उभे राहिले. मुलांनी छान छान वाक्यं पाठ करून आणली होती. आरोग्य, पर्यावरण, पेट्रोल वाचतं. एका मुलाने सांगितलं की मेहरूण तलावाच्या रस्त्यावर आता रोज सकाळी डॉक्टर, वकील, व्यापारी हेल्मेट घालून सायकलवर दिसतात. मी उभी राहिले आणि आमच्या पिंपळनेरच्या शाळेबद्दल बोलले. तेव्हा अख्ख्या वर्गात दोघी-तिघींकडेच सायकल होती. आता साक्रीच्या बाजूने बसने जाताना मुलींचे थवे सायकलवर शाळेला जाताना दिसतात, शेजारी शेजारी, गप्पा मारत, बसचा हॉर्नसुद्धा न ऐकता. आमच्या वेळी एखादी मुलगी सायकलवर दिसली की लोक थांबून बघायचे. हे सांगताना माझा भूतकाळ पहिल्यांदा बरोबर आला. सरांनी अंगठा वर करून शाबासकी दिली. मला तितकं बरं वाटलं नाही. वॉज म्हटल्याबरोबर सगळं जरा लांब गेलं.

शेवटी आपा उठल्या. हातात काही नव्हतं. "माय फादर टाइम, ऑल पीपल सायकल," त्या म्हणाल्या. "बँगल मॅन सायकल, मिल्क मॅन सायकल, टीचर सायकल. देन ऑल पीपल मोटारसायकल. नाऊ अगेन सायकल. आय थिंक, व्हाय? सो आय लर्न." आपांनी पायाखालची फरशी दाखवली, "नॉट हिअर." मग छत दाखवलं, "नॉट देअर." आणि तळहात आडवा धरून कमरेएवढ्या उंचीवर हवेत हळूच सरकवला. "मिडल. यू गो इन मिडल. दॅट इज पॉप्युलॅरिटी."

शब्द अख्खा, एका दमात, न अडखळता आला. एका मुलाने विचारलं, "मॅडम, हेल्मेट?" आपा म्हणाल्या, "नो. दुपट्टा." सगळा वर्ग हसला, आपाही हसल्या.

विहीणबाईंशी माझं त्याच सुमारास पहिलं खरं बोलणं झालं. मी त्यांना सांगितलं की मी मैत्रिणीला सायकल शिकवली. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. तीन-चारदा विचारून खात्री केली. मग त्यांनी सांगितलं की त्या कॉलेजला सायकलने जायच्या, केसांत मोगरा माळून, आणि पोचेपर्यंत निम्मा मोगरा रस्त्यात गळून जायचा. मोगऱ्याला त्या जॅस्मिन म्हणाल्या आणि मला तो शब्द माहीत होता. किती वेळ बोललो कोणास ठाऊक. शेवटी मुलगीच फोन हातात घेऊन म्हणाली, आई, आता पुरे, त्यांचा स्वयंपाक राहिलाय.

क्लास संपला. सकाळची सायकल मात्र सुटली नाही. आपांच्या मुलाने त्यांना जुनी सायकल आणून दिली, निळी. आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही निघतो. आता इंग्रजी बोलत नाही, फारसं काहीच बोलत नाही. एकदा मी त्यांना विचारलं, ते स्वप्न अजून पडतं का?

"शिकल्यापासून बंद झालं," त्या म्हणाल्या. बऱ्याच अंतराने पुढे म्हणाल्या, "नाही, एकदा आलं. अब्बा पायी चालत होते, सायकल हातात धरून. मी बाजूने चालत होते. कोणीच बसलेलं नव्हतं."

"आणि बांगड्या?"

"वाजत होत्या."

गेल्या आठवड्यात आम्ही असोद्याच्या बाजूला गेलो होतो. दोन्हीकडे केळीच्या बागा. थंडीत सकाळी त्या बागांत शिरलेला रस्ता जमिनीवरचा वाटत नाही. पानं डोक्यावर वाकलेली, त्यांच्यावरून दव गळत असतं आणि उजेड हिरवा होऊन खाली येतो. एका बागेजवळ ट्रक उभा होता. केळी कापून त्यात भरत होते, हिरवे कच्चे घड, खाली वाळलेल्या पानांची गादी. डोक्यावर चुंबळ ठेवलेली एक बाई घड उतरवून पाठ सरळ करत होती. आम्हाला बघून तिने विचारलं, "कुठी चालल्या व माय?"

"कुठेच नाही," आपा म्हणाल्या आणि ब्रेक दाबून थांबल्या.

त्या बाईला हे उत्तर पटलं असावं. तिने बाजूला काढलेली केळ्यांची एक फणी उचलली. झाडावरच पिवळी झालेली, असली केळी ट्रकमध्ये चालत नाहीत. ती तिने आपांच्या हातात दिली. आम्ही सायकली बांधाला टेकवल्या आणि खाली बसलो. केळी रात्रभराच्या थंडीने गार पडली होती, आत मध भरल्यासारखी. ट्रक भरून निघून गेला, त्याच्यामागे ती बाईही गेली. पानांवरचं दव टपटपत राहिलं. आम्ही दोघींनी सगळी फणी संपवली.